तीन गुंड्यांची पाटी

धाराशिवच्या बाजारपेठेतल्या त्या कापड दुकानाची पाटी मी केलेली नाही.

हे एक वाक्य लिहायला मला जवळजवळ साठ वर्षं लागली. लिहून झाल्यावर पाहतो तर सगळा नऊ शब्दांचा मामला.

त्या पाटीबद्दल माझा दोनदा सत्कार झालेला आहे. पहिल्या सत्काराचा नारळ आम्ही त्याच दिवशी फोडून खाल्ला आणि दुसऱ्याची शाल मी अजून थंडीत पांघरतो. पाटीमुळं मला ड्रॉइंग मास्तरची नोकरी लागली, नोकरीमुळं लग्न ठरलं, आणि लग्नामुळं पुढचं सगळं. परवा बायकोला खरं काय ते सांगितलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "म्हणजे मी कुणाच्या पाटीवर भाळून तुमच्या घरात आले?" मी म्हणालो, त्या माणसाचं वय तेव्हा साठ होतं. ती म्हणाली, "असू द्या. अक्षर तर चांगलं होतं ना?" आणि शेंगा मोडत राहिली.

या लिखाणात मी कुणाचंच नाव घालणार नाही, माझंसुद्धा. का ते शेवटी येईल.

मी मूळचा धाराशिवजवळच्या बेंबळीचा. त्या काळी आमचा मुलूख निजामाचा आणि सोलापूर इंग्रजांचं. मी सोलापूरला मामाकडं राहून ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षा दिल्या, पास झालो आणि तेविसाव्या वर्षी धाराशिवला येऊन रंगाचे डबे मांडले. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद होतं, पण बैलगाडीतून येणारा माणूस 'धाराशिवला चाललो' असंच म्हणायचा. सर्टिफिकिटाला मी काच लावून घेतली होती. कुणी छकड्यावर नंबर घालून घ्यायला आला तरी आधी त्याला सर्टिफिकीट दाखवायचो.

कचेरीच्या बाहेर ओट्यावर एक उस्ताद बसायचे. त्यांच्या दाढीला मेंदी होती, डावा डोळा अधू होता, आणि समोर उतरत्या फळीवर कागद आणि हातात बोरू असायचा. लोकांचे अर्ज लिहिणं हा त्यांचा धंदा. त्याशिवाय लग्नाचे रुक्के, म्हणजे आमंत्रणाच्या चिठ्ठ्या, कबरीवरचे दगड, दुकानांच्या पाट्या, सगळं त्यांच्याकडं यायचं. त्यांनी लिहिलेला अर्ज साहेब शेवटपर्यंत वाचतो, अशी त्यांची ख्याती होती. मी एकदा त्यांना कारण विचारलं.

"साहेब जेवून आलेला असतो," ते म्हणाले. "झोप आलेली असते. त्याला अक्षर नाही जागं ठेवत. दोन अक्षरांमधून वारा येतो ना, तो जागं ठेवतो. तू तर सगळ्या खिडक्या बंद करून लिहितोस, पेंटरसाब."

ते मला 'पेंटरसाब' म्हणायचे. त्यातला टोमणा मला चारेक वर्षांनी कळला.

बाजारात एक कापडाचे व्यापारी होते. आम्ही त्यांना शेठजी म्हणू. मनानं फार चांगले, पण त्यांना एक भीती होती की आपलं काहीतरी सांगायचं राहून जाईल. गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवायच्या आत शेठजी धोतर, लुगडी, खण, फेटे, मांजरपाट, गादीपाट हे सगळं एका श्वासात म्हणून टाकत. लुगडं घ्यायला आलेली बाई दम खाऊन म्हणे, "व्हय, पण लुगडं?"

त्यांनी पाटी करायला मला बोलावलं तेव्हा आधी एक लांब कागद हातात दिला. त्यावर चाळीसेक ओळी. मालाची यादी, आजोबांनी दुकान कधी काढलं ते, 'एक वेळ अवश्य पधारावे', 'एक भाव, एक बोली', आणि शेवटी 'येथे इतर सर्व प्रकार मिळतील'.

मी विचारलं, "इतर सर्व प्रकार म्हणजे काय?"

"राहिलं असंल काही तर!" शेठजी म्हणाले.

शिवाय मधोमध तुळजापूरची देवी, तिच्या एका बाजूला त्यांच्या वडिलांचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला वाघ. वाघ कशाला, असं मी विचारलं नाही. मला वाघ चांगला जमायचा. कायद्याप्रमाणं वरच्या अंगाला उर्दूही हवी होती. मला निजामी शाळेमुळं उर्दू लिहिता येत होती, तीही मीच घातली, आणि जे येत होतं ते सगळं त्या पत्र्यावर ओतलं. पाच रंग, अक्षरांना सावल्या, सावल्यांना कडा, भोवती द्राक्षांचा वेल. आमच्याकडं तेव्हा द्राक्ष कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. पाटी टांगली तेव्हा शेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला वाटलं, आता हैदराबादेहून बोलावणं येणार.

महिना गेला आणि दुकान ओस पडायला लागलं.

बाजारच्या दिवशी खेड्यातली माणसं यायची, दुकानासमोर क्षणभर थांबायची आणि अंग चोरून पुढं जायची. एक म्हातारा डोईचं मुंडासं काढून शेठजींच्या वडिलांच्या चित्राला नमस्कार करून गेला. शेठजी कासावीस झाले. शेवटी ते उस्तादांच्या ओट्यावर गेले, आणि उस्ताद मला घेऊन दुकानासमोरच्या लिंबाखाली येऊन बसले. तिथं पानाचं दुकान होतं. उस्तादांनी पान लावायला सांगितलं आणि ईट गावाहून आलेल्या एका शेतकऱ्याला हाक मारली.

"पाव्हणं, ते समोर कशाचं दुकान आहे, सांगता का?"

पाव्हण्यानं डोळे बारीक केले. "दुकान कुठलं, मालक? सरकारी नोटीस हाय ती. सारा वाढवला वाटतं."

"आणि ते चित्र?"

"ह्यो वाघ गावात शिरलाय, आन् ह्या माणसाला खाल्लंय. त्याचीच नोटीस."

"मग देवी कशाला?"

पाव्हण्यानं थोडा विचार केला. "आता तिच्याबिगर कोन वाचवणार?"

उस्तादांनी पान तोंडात टाकलं आणि माझ्याकडं पाहिलंही नाही. ते पाहत नाहीत हे त्यांचं मोठेपण आहे असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं, लिंबाच्या बुंध्यात शिरता आलं तर बरं.

दुसऱ्या पाटीचं काम उस्तादांनी घेतलं आणि मला सोबतीला घेतलं. शेठजींना त्यांनी एकच अट घातली. पाटीवर एकच शब्द येईल. शेठजी खाली बसले.

"एकच? उस्ताद, आमच्यात लुगडी हायत, खण हायत..."

"हौ. आणि ते सगळं दुकानात ठेवा. दारात कायको? लग्नात वरमाई सगळे दागिने नाकात घालते का?"

शेवटी शब्द ठरला. मराठीत 'कापड' आणि उर्दूत 'कपडा'. मला वाटलं, झालं, आता अर्ध्या तासाचं काम. उस्तादांनी त्याला अठरा दिवस घेतले. पहिले सोळा दिवस ते ओट्यावर बसून नुसते समोरच्या गल्लीत बघत होते. मी तरुण होतो. मला वाटलं, म्हातारा थकला.

अडचण काय होती ती मला नंतर समजली. दोन लिप्या एका पत्र्यावर घातल्या की त्या एकमेकींशी बोलत नाहीत, हे प्रत्येक पाटीत दिसायचं. वर उर्दू, खाली मराठी, मध्ये एक पट्टी, सावत्र भावांनी वाटण्या करून घेतल्यासारखी. सतराव्या दिवशी दुपारी उस्तादांनी मला कोपरानं ढोसलं आणि गल्लीकडं बोट केलं. तिथं कुणीतरी दोरीवर दोन धोतरं वाळत घातली होती आणि त्याच दोरीवर चार चिमण्या बसल्या होत्या.

"बघ," ते म्हणाले. "तुमचं अक्षर वरच्या रेघेला लटकतं. आमचं अक्षर खालच्या रेघेवर बसतं. मग दोन रेघा कशाला?"

मला पहिला विचार हा आला की हे मला का सुचलं नाही. दुसरा विचार इतका वाईट होता की तो मी पुढच्या प्रसंगात सांगतो.

पांढरा पत्रा. त्याच्या मधोमध एकच जाड काळी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये किंचित झोल दिलेली. रेघेखाली निळ्या रंगात 'कापड', वाळत घातलेल्या धोतरासारखं लटकणारं. रेघेवर त्याच निळ्यात उर्दू 'कपडा', पाखरांसारखं बसलेलं. शेवटचा अलिफ, म्हणजे उर्दूतली 'आ'ची उभी काडी, डावीकडं मान ताठ करून एकटाच. उर्दूत 'प' या अक्षराच्या पोटाखाली तीन टिंबं असतात. ती रेघेच्या खाली उतरत होती. उस्तादांनी ती मराठीच्या 'प' आणि 'ड' यांच्यामधल्या मोकळ्या जागेत अशी बसवली की ती कुणाची आहेत ते सांगता येऊ नये. बोरूनं एक टिंब टेकवायचं आणि त्या टिंबाच्या मापानं अक्षर मोजायचं, ही त्यांची रीत. मराठी त्यांना वाचता येत नव्हती, पण माझा 'ड' त्यांनी तीनदा पुसायला लावला. "याचं पोट खाली आलंय. दीड टिंब कमी कर. अजीर्ण झाल्यागत दिसतो." वरच्या डाव्या कोपऱ्यात, डोळे फाडून पाहिलं तरच दिसेल एवढ्या अक्षरात, त्यांनी आपलं नाव घातलं. बाकी सगळा पत्रा मोकळा.

शेठजींनी पाटी पाहिली, उलटी करून मागंही पाहिली. "बाकीचं कुठंय?"

पाटी टांगली त्या दिवशी दोन भांडणंही झाली. काँग्रेसकडं ओढा असलेला एक तरुण वकील आला आणि म्हणाला, "उर्दू वर आणि मराठी खाली, हे चालणार नाही. वर मराठी घ्या." उस्ताद अदबीनं म्हणाले, "वकीलसाब, धोतर दोरीवर उभं करून दाखवा. मी आत्ता बदलतो." तो जातो न जातो तोच नगरपालिकेचा कारकून आला. त्याला मराठी फार मोठी वाटत होती आणि उर्दूचं काहीही मराठीखाली येता कामा नये असं त्याचं म्हणणं, म्हणजे ही तीन टिंबं आधी वर घ्या. उस्ताद म्हणाले, "चिमणी बसली की शेपूट खाली येतंच, मुन्शीजी. वरच्या वर राहते ती पतंग." कारकुनाला राग आला, पण हसूही आलं, आणि हसू आलेल्या माणसाला नोटीस काढता येत नाही.

आम्ही परत लिंबाखाली बसलो. त्याच बाजारात बेंबळीचा माझा एक लांबचा चुलता आला. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. उस्तादांनी विचारलं, "चाचा, समोर काय मिळतं?"

चुलत्यानं मान वर केली न केली तोच म्हणाला, "कापाड. का बरं? तुम्हाला दिसत न्हाय व्हय?"

उस्तादांनी त्याला पान खिलवलं.

आता तो वाईट प्रसंग. पाटी लागून दोन महिने झाले असतील. शुक्रवार होता आणि उस्ताद नमाजाला गेले होते. तालुकदारसाहेब, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर, बाजारातून मोटारीनं चालले होते. मोटार थांबली आणि साहेब खाली उतरले. आख्खा बाजार उभा राहिला. साहेब पाटीकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "दो जबानें, और झगडा नहीं! ये किसका काम है?"

शेठजींना घाम फुटला. त्यांना वाटलं दंड होणार. दंड दुसऱ्याला व्हावा म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी शेजारीच होतो. साहेब माझ्याकडं वळले.

"जी हुजूर, मेरा," मी म्हणालो.

'आमचं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. निम्मं खरं झालं असतं. पण सतराव्या दिवशी ओट्यावर माझ्या मनात जो दुसरा विचार आला होता तो हाच होता, की हे माझं असतं तर. तो तोंडातून कधी निघून गेला ते कळलं नाही. साहेबांनी माझी पाठ थोपटली. महिन्याभरात सरकारी शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली.

मी उस्तादांना सांगायला गेलो. रस्ताभर क्षमा कशी मागायची त्याची तालीम केली होती. त्यांनी ऐकलं आणि इतके हसले की बोरू खाली पडला.

"अच्छा हुआ! साहेबांनी मला विचारलं असतं तर मला जावं लागलं असतं शाळेत. या उमरमें पन्नास पोरांना मोसंबं काढायला शिकवू? जा, तू शिकव. मला माझे अर्ज बरे."

मी सुटलो असं मला वाटलं. पण मी निघालो तेव्हा ते मागून म्हणाले, "पेंटरसाब, कोपऱ्यातलं नाव मात्र राहू दे." ते गमतीनं म्हणाले होते. मी हो म्हणालो.

तो 'हो' मी तीन-चार वर्षं पाळला.

मग निजामाचं राज्य गेलं. त्या सप्टेंबरात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आमच्या जिल्ह्यात, विशेषतः मुसलमानांच्या घरांवर, जे गुदरलं त्याबद्दल मला हसत लिहिता येणार नाही, म्हणून मी इथं लिहीत नाही. उस्तादांचा ओटा तेव्हा रिकामा होता. ते जिवंत आहेत एवढं मला ठाऊक होतं. मी त्यांच्या घरी गेलो नाही. हेही नोंदवून ठेवतो.

पाटीवरची उर्दू पुसायला मला कुणीही सांगितलं नव्हतं. आजवर मी सगळ्यांना सांगत आलो की शेठजींनी सांगितलं. शेठजी आता नाहीत, त्यामुळं ते सोयीचं होतं. खरं असं की शेठजी म्हणाले, "राहू द्या की मास्तर, गिऱ्हाइकाला सवय झालीय." मीच म्हणालो, दिवस बरे नाहीत. मला माझ्या निजामी नेमणुकीची भीती वाटत होती. आधीच्या साहेबानं पाठ थोपटलेला मास्तर नव्या साहेबाला कसा दिसेल, हा माझा हिशेब. एका सकाळी शाळेतला खडू कुटला, डिंकात कालवला, शिडी लावली आणि रेघेच्या वरची सगळी पाखरं पांढरी करून टाकली. कोपऱ्यातलं नावही. तेलाचा रंग का नाही वापरला, असं कुणी विचारेल. मी म्हणेन, घाई होती. मनात कुठंतरी हे पुसता यावं असं होतं, असं म्हणायला मला आवडेल, पण खडू फुकट होता हेही खरं.

तीन टिंबं राहिली. ती रेघेच्या खाली 'प' आणि 'ड' यांच्या मध्ये होती. तिथं ब्रश घातला तर मराठी बिघडेल. शेठजी खालून ओरडत होते, "बास मास्तर, उतरा, शिडी हलतीय!" मी उतरलो.

महिन्याभरानं उस्ताद बाजारात दिसले. वाळले होते. ते लिंबाखाली येऊन बसले, नेहमीच्या जागेवर, आणि पान मागवलं. मी पलीकडून त्यांना पाहिलं. पळून जाता आलं असतं, पण ते आधीच हात हलवत होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी चांगला डोळा बारीक करून पाटीकडं बराच वेळ पाहिलं.

"परिंदे उड गये," ते म्हणाले. मग खालच्या तीन टिंबांकडं बोट करून म्हणाले, "बीट रह गयी."

बीट म्हणजे पाखरांची शिट. पानवाला खो खो हसला. उस्तादही हसले.

"मी काढून टाकतो ती टिंबं," मी म्हणालो.

"नक्को. 'प' आणि 'ड'च्या मधली जागा एकदम मोकळी पडेल. दात पडल्यागत दिसेल." त्या क्षणीसुद्धा ते पाटीचाच विचार करत होते. मग म्हणाले, "एक काम कर. वरच्या जागेत दुसरं काही लिहू देऊ नकोस. शेठ मागं लागेल. पण दोरी मोकळी राहू दे. परिंद्यांचा काय भरोसा, येतीलही."

पुढच्या वर्षी ते मुलीकडं राहायला गेले, दूर. पुन्हा भेट झाली नाही.

शेठजी अर्थातच मागं लागले. अर्धी पाटी रिकामी म्हणजे त्यांच्या छातीवर दगड. "मास्तर, तिथं निदान लुगडी तरी घाला." दसऱ्याला म्हणायचे, पाडव्याला म्हणायचे, एकदा तर माझ्या मुलाच्या बारशात म्हणाले. "नुसता वाघ घाला. एकच." मी सगळ्या आयुष्यात कुणाला कधी ठाम नाही म्हणालो असेन तर ते त्यांना. त्यांना वाटायचं, मास्तर मोठा कलावंत, हट्टी असणारच.

टिंबांचीही सोय गावानं लावली. खेड्यातली माणसं म्हणायला लागली की त्या सदऱ्याच्या गुंड्या आहेत. 'तीन गुंड्यांचं दुकान' असं नावच पडलं. आमच्या जिल्ह्यातल्या वाशीपासून लोक विचारत येत. मला कुणी म्हणालं, "मास्तर, गुंड्या काय झकास सुचल्या तुम्हाला," की मी नुसतं हसायचो. नुसतं हसणं हेही खोटं बोलणं असतं आणि त्याला शब्द लागत नाहीत म्हणून ते फार स्वस्त पडतं.

फक्त पावसाळा मला सोडत नव्हता. खडू आणि डिंक दमट हवेत पाणी धरतो. दर श्रावणात रेघेवर निळी पाखरं हळूहळू परत उमटायची, आधी अलिफ, मग बाकीची. लोकांना वाटायचं शेवाळ धरलं. दर दसऱ्याला मी शिडी लावून नवा हात द्यायचो. शेठजी कौतुकानं गिऱ्हाइकांना सांगायचे, "बघा, माणसाचा जीव किती कामावर!" दिवस निवळल्यावरही मी ते चालू ठेवलं. कारण तोवर रिकामी जागासुद्धा माझी कल्पना झाली होती, आणि तिच्याबद्दल नारळ खाऊन झाला होता.

गेल्या महिन्यात एका कला महाविद्यालयातल्या प्राध्यापिका आल्या. जुन्या पाट्यांचं प्रदर्शन भरवणार आहेत. शेठजींच्या नातवानं पाटी उतरवून दिली होती, ती टेम्पोतून माझ्या अंगणात आणली, सोबत आठ-दहा विद्यार्थी. बाईंना पाटीचं वेड लागलं होतं. त्या विद्यार्थ्यांना समजावत होत्या की खराब डिझाइन सगळं सांगतं आणि चांगलं डिझाइन सांगायचं तेवढंच सांगतं. अगदी बरोबर होतं ते. मी मान हलवत होतो. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"सर, त्या काळात अर्धी पाटी रिकामी सोडायची! एवढं धैर्य तुम्ही कुठून आणलंत?"

"खडूच्या डब्यातून," मी म्हणालो.

सगळे हसले. मी बायकोला फडकं भिजवून आणायला सांगितलं. तिनं कपाळाला आठ्या घालून आणून दिलं. मी पाटीजवळ गुडघ्यावर बसलो. आता उठताना दोघं लागणार हे माहीत होतं. पन्नास-पंचावन्न दसऱ्यांचे थर होते. पहिल्यांदा नुसता पांढरा चिखल आला.

"सर, सर, थांबा!" बाई घाबरल्या. "त्या रिकाम्या जागेवर माझा लेख छापून झालाय!"

मी थांबलो नाही. फडकं तीनदा पिळलं. चौथ्यांदा अलिफ वर आला, मान ताठ, निळा, जसाच्या तसा. तेलात घोटलेला रंग, त्याला काय होणार. मग बाकीची पाखरं आली, आणि ती तीन टिंबं पुन्हा आपल्या घरच्या 'प'खाली गेली. एक मुलगी हळूच म्हणाली, "अरे, गुंड्या नाहीतच त्या." बाई मागं सरकत सरकत अंगणाच्या टोकापर्यंत गेल्या आणि तिथून पाहिलं. उस्तादही नेमके तसेच मागं जायचे. परत येऊन त्या म्हणाल्या, "मला लेख नव्यानं लिहावा लागेल."

"लिहा," मी म्हणालो. "मीही लिहितो."

मग मी त्यांना सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते. त्यांनी पाटीशेजारी लावायचं कार्ड काढलं. त्यावर माझं नाव टाईप केलेलं होतं. त्यांनी ते खोडलं आणि विचारलं, "त्यांचं नाव काय?" मी वरचा डावा कोपरा पुसला आणि वाचून दाखवलं. त्यांनी लिहून घेतलं. मग जरा अवघडून म्हणाल्या, "आणि तुमचं कुठं घालू, सर? काहीतरी तर..."

"मराठीतला 'ड' माझा आहे," मी म्हणालो. "दीड टिंब कमी केलेला. आणि खडू लावणारा म्हणून घालायचं तर घाला."

त्यांनी घातलं की नाही ते मला माहीत नाही. पाटी गेली. उस्तादांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण ते एकदा मी झाकलं आहे आणि आता माझ्या अक्षरात ते लिहिण्याचा मला हक्क नाही. आणि जिथं त्यांचं नाही तिथं दुसऱ्या कुणाचं, माझंही, नको. ज्याला हवं असेल त्यानं प्रदर्शनात जाऊन पाटीवर वाचावं. वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे, फार बारीक. उर्दू येत नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी विचारावं.